धाप लागणारी गाडी

मी गाडी चालवायला शिकले ती रागानं. आमचे हे नांदेडला पाटबंधारे खात्यात होते. शनिवारी एस.टी.नं मुरुडला यायचे, रविवारी जेवण करून परत जायचे. नांदेडच्या एका साहेबाची जुनी पेट्रोल व्हॅन त्यांनी घेतली, अंगणात आणून उभी केली आणि म्हणाले, "पोरीला रोज लातूरला क्लासला न्यायला ड्रायव्हर बघू." ड्रायव्हर काही धड मिळेना. एकाच्या तोंडाला वास यायचा, दुसऱ्याचं लक्ष रस्त्यापेक्षा आरशात जास्त. शेवटी मी म्हटलं, किल्ली इकडं आणा. बाजार नसलेल्या दिवशी बाजाराच्या पटांगणात मी शिकले आणि गावाची फुकटात करमणूक झाली. "कोंबड्या झाका रे, वहिनी आल्या," असं पोरं ओरडायची. मी काच खाली करून त्यांच्या आयांना नावानिशी हाका मारायचे, मग पांगायची.

भूकंपाला तेव्हा काही वर्षं झाली होती. औशाकडची पडलेली गावं दुसरीकडं वसली होती, आणि लातुरात माणसं मजल्यावर मजला चढवत सुटली होती. खाली फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पाट्या, वर होस्टेल, त्याच्या वर अजून सळया आभाळाकडं उभ्या, कारण पुढच्या वर्षी आणखी पोरं येणारच. डॉक्टर व्हायचं म्हणजे लातूर गाठायचं, असं सगळ्या मराठवाड्यानं ठरवून टाकलं होतं. आमची एकुलती एक लेक अकरावीला होती. तिलाही डॉक्टरच व्हायचं होतं. पण ती होस्टेलला राहणार नव्हती, कारण घरात आत्याबाई होत्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. भूकंपाच्या रात्री त्या लेकीच्या सासरी, औशाकडच्या खेड्यात होत्या. गणपती बुडवून सगळे निजले. उकडत होतं म्हणून आत्याबाईंनी आपली बाज अंगणात टाकली. लेक आत होती, दगडामातीच्या भिंतींत. एवढंच आम्हांला माहीत. त्यापुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. परत आल्या त्या छपराखाली निजायच्या नाहीत म्हणजे नाहीतच. आमचं घर सिमेंटचं, ते बिचारं हललंसुद्धा फारसं नव्हतं, पण त्या स्वयंपाकघरातही दाराकडं तोंड करून जेवायच्या. पावसाळ्यात गोठ्याच्या पत्र्याखाली, थंडीत अंगणात दोन वाकळा घेऊन. मी चिडायचे, समजवायचे, पुन्हा चिडायचे. लोक काय म्हणत असतील, सून सासूला गोठ्यात ठेवते!

व्हॅन आली आणि आत्याबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. टपावर थाप मारून बघितली. "ह्याला नुसता पत्रा हाय," म्हणाल्या, "दगूड न्हाई. आन खाली चाकं हायत." त्या दिवसापासून मागच्या सीटवर त्यांचं अंथरूण पडलं. पहाटे त्या वाकळ घडी करून उतरायच्या आणि त्याच ऊबदार सीटवर मी पोरीला बसवून लातूरला निघायचे. दोघींचं मजेत चाललं होतं. मलाही बरं वाटायचं, निदान सासू गोठ्यातून सुटली.

पहिल्यांदा गाडीला धाप लागली तेव्हा मला वाटलं माझंच काही चुकलं. लातूर दहा-बारा किलोमीटरवर आलं होतं. पुढं कडब्याचा ट्रक होता, त्याच्या पुढं जायचं म्हणून मी पाय दाबला. गाडी अर्धा क्षण पुढं झेपावली आणि मग दम गेला. इंजिन बंद पडलं नाही, आवाज बदलला. नाक दाबून धरलेल्या माणसासारखी ती गुदमरायला लागली. पाय आणखी दाबला तर आणखी मेली. पाय उचलला तर सावरली, हळूहळू चालली, जसं काही झालंच नाही. पोरगी मागून म्हणाली, "आई, काय झालं गं?" मी म्हटलं, पुस्तक वाच.

मग ते रोजचंच झालं. सावकाश न्या, गरीब गाय. दाबा, की धाप. आणि दाबावंच लागतं त्या रस्त्यावर. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून रस्त्याच्या मधोमध चालतात, त्यांच्या मागं राहिलं तर क्लास सुटतो. पुढं जायचं तर दम लागतो गाडीला, नेमका मध्यावर.

स्टँडजवळ एक गॅरेज होतं. तिथले मिस्तरी वयानं माझ्याएवढेच, बोलायला फर्डे, आणि स्वतःच्या हाताबद्दल त्यांना भलतीच खात्री. "भाभी, घाबरू नका, एका दिवसात घोडा करून देतो," म्हणाले. त्यांची पद्धत अशी होती की कुठलीही गाडी आली की आधी टाकीचं झाकण उघडायचं, आत पेट्रोल आहे का बघायचं, आणि मगच बाकीचं. म्हणायचे, निम्मी गिऱ्हाइकं रिकामी टाकी घेऊन येतात आणि माझं डोकं खातात. आमच्या झाकणाच्या आत रबराची जाड चकती बसवलेली होती. ती बघून खूश झाले. "बढिया! थेंब सांडणार नाही." आमच्याकडं जुन्या गाडीच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचं रबर लावणं म्हणजे शहाणपणाचं लक्षण. मीही मान हलवली. मला वाटलं, नांदेडच्या साहेबानं लावलं असेल.

व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यांनी सीट उचलली, प्लग काढून घासले, पेट्रोलचा फिल्टर बदलला आणि गाडी बार्शीच्या अंगाला दामटून आणली. उडत गेली, उडत आली. "लो भाभी, घोडा." दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरच्या अलीकडं घोड्याला पुन्हा धाप.

मी परत गेले. त्यांनी झाकण उघडलं, पेट्रोल बघितलं, कार्बोरेटर उतरवून धुतला. गाडी उडाली. पहाटे धाप. मी तिसऱ्यांदा गेले. झाकण, पेट्रोल, आणि या वेळी सायलेन्सर चोंदलाय म्हणून तो उतरवला, ठोकला, काजळी झाडली. मी विचारलं, क्लच तर नाही? त्यांनी समजावलं की क्लच गेला तर इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही, इथं तर इंजिनच घुसमटतंय, म्हणजे त्याला एक तर पेट्रोल पुरत नाही नाही तर धूर बाहेर निघत नाही. हे मला पटलं. पण गॅरेजात आली की ती बरी व्हायची, त्याचं काय? डॉक्टरच्या दारात गेलं की ताप उतरतो, तशातला प्रकार.

"भाभी, राग मानू नका," मिस्तरी म्हणाले, "गाडी बाईमाणसाच्या हाताला जरा नखरे करते."

"मग तुमच्या बायकोला पाठवा," मी म्हटलं, "बघू तिला काय करते."

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. जाताना त्रास व्हायचा, येताना नाही. आणि ज्या दिवशी वाटेत पंपावर थांबून पेट्रोल टाकलं, त्या दिवशी पंपापासून लातूरपर्यंत गाडी अगदी छान. मी हे मिस्तरींना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "त्या पंपाचं पेट्रोल चांगलं असंल." मी त्यावर विश्वास ठेवला. पंपावर झाकण काढताना फस्स करून आवाज व्हायचा, तोही रोज ऐकत होते. वाटायचं, पेट्रोलची वाफ असणार. माणूस ऐकतो पुष्कळ, पण कान देतो थोडा.

आणि मग तो ट्रॅक्टर. सकाळचं धुकं होतं, दोन ट्रॉल्या उसाच्या, मागं लाल कापडसुद्धा बांधलेलं नाही. पुढचा रस्ता मोकळा दिसला. पंपावर त्या दिवशी थांबलो नव्हतो. मी हॉर्न दिला, बाहेर निघाले, दुसऱ्या ट्रॉलीच्या बाजूला आले आणि गाडीचा दम गेला. धुक्यातून एस.टी.चे दिवे आले. पुढं जाता येईना, मागं यायला ट्रॉली संपेना. मी ब्रेकवर उभी राहिले. ट्रॉली शेजारून सरकत राहिली, सरकत राहिली, उसाची पानं काचेवर घासत गेली, आणि तिच्या शेपटामागं मी गाडी आत घातली तेव्हा एस.टी. हॉर्न दाबून धरत माझ्या आरशाला चाटून गेली. मी रस्त्याच्या कडेला थांबले. मी त्या गाडीला शिव्या दिल्या, ट्रॅक्टरवाल्याला दिल्या, नांदेडच्या साहेबाच्या खानदानाला दिल्या. मागं पुस्तक पोरीच्या मांडीवर उघडं होतं आणि तिनं दोन्ही हातांनी सीटची कड धरली होती.

शनिवारी हे आले. पोरीनंच त्यांना सांगितलं. ते चिडले नाहीत, ते कधीच चिडत नाहीत, ते निर्णय घेतात. रविवारी सकाळी लातूरला जाऊन आले. "होस्टेल बघून आलोय," म्हणाले. "नवी इमारत आहे. चौथ्या मजल्यावर जागा आहे. एक तारखेपासून जाऊ दे. हे मरण रोज कशाला?"

आत्याबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"चौथ्या?"

"हो."

"आन तिच्या डोस्क्यावर किती?"

यांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाले, "अजून दोन मजले आहेत. पण आई, आता सगळं सळई घालून बांधतात."

शेंगांचं सूप बाजूला सारून आत्याबाई उठल्या आणि व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. जेवायलाही आल्या नाहीत. सोमवारी, हे नांदेडला गेल्यावर, मला म्हणाल्या, "सूनबाई, गाडी नीट कर. एक तारखंच्या आत. न्हाईतर पोरगी हातची जाती."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. इमारती काय रोज पडतात? पण खरं सांगते, त्या दिवसांत क्लासच्या बाहेर गाडीत थांबलेली असताना मीही वर बघून मजले मोजायचे. एकेका खोलीत चार-चार लेकरं. खिडक्यांतून वाळत घातलेले टॉवेल. ती जमीन हलली होती, आणि सगळे तिच्यावर वजन वाढवत चालले होते.

क्लासला सुट्टी होती त्या सकाळी मी गॅरेजला गेले आणि मिस्तरींना म्हटलं, "भाई, आज काही उघडायचं नाही. काही धुवायचं नाही. माझ्याबरोबर बसायचं आणि लातूरपर्यंत यायचं. तिला जिथं धाप लागते तिथं बघायची."

"दुकान कोण बघंल?"

"दुकान राहील. उद्या माझी पोरगी राहील का ते बघा."

ते गाडीत बसले. सवयीनं त्यांचा हात टाकीच्या झाकणाकडं गेला, मी ओरडले, तो मागं आला. घराजवळून जाताना आत्याबाई रस्त्यातच उभ्या होत्या. दार उघडून मागं चढल्या. "म्या बी येते," म्हणाल्या. भूकंपानंतर त्या मुरुडच्या बाहेर पडल्या नव्हत्या.

लातूरच्या अलीकडं, नेहमीच्याच टापूत, मी मोकळा रस्ता बघून पाय दाबला. गाडी झेपावली, आणि धाप. मिस्तरींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अरे! खरंच की." मला फार बरं वाटलं. कडेला गाडी घेतली. त्यांनी मला उतरवून सीट उचलली आणि फिल्टरकडं बघितलं. नवाकोरा फिल्टर, आणि आत पेट्रोल नावाला. "येतच नाहीये," ते पुटपुटले. "टाकीत आहे, पण येत नाहीये. कोण अडवतंय?"

मी टाकीपाशी गेले, आणि कशी कोण जाणे, झाकण हातानं जरासंच फिरवलं. फस्स आवाज झाला. वाऱ्यानं माझा पदर तिथं आला होता. वाफ बाहेर येत असती तर तो उडाला असता. तो झाकणाच्या फटीकडं ओढला गेला आणि तिथं चिकटून बसला.

"भाई," मी म्हटलं, "ही बाहेर फुंकत नाहीये. आत ओढतेय."

त्यांनी येऊन पदर बघितला, झाकण पूर्ण काढलं, नखानं ते रबर खरवडून बाहेर ओढलं. नुसती कडेची चकती नव्हती ती. सबंध गोल तुकडा होता, त्याच्या मागं दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक दोन पदरी, आणि त्याखाली झाकणाचं बारीक भोक, साफ बुजलेलं. मिस्तरींनी कपाळावर हात मारला. पेट्रोल जेवढं खाली जातं तेवढी हवा त्या भोकातून टाकीत यायला हवी. ती बंद, म्हणजे मुरुडपासून निघालं की टाकी आतल्या आत ओढत राहणार. सावकाश चाललं तर कसंबसं पुरतं, दाबलं की इंजिन उपाशी. पंपावर झाकण उघडलं की बरं. गॅरेजात उघडलं की बरं. दुपारी उन्हात गाडी तापली की आत वाफ धरते, म्हणून येतानाही बरं. "मला पहिल्या दिवशीच शक आला होता," मिस्तरी म्हणाले. "पण हे बसवलं कुणी?"

मागच्या सीटवरून आत्याबाई म्हणाल्या, "म्या."

माझा तोल सुटला. सासू, वय, रस्ता, परका माणूस, काही बघितलं नाही. "कशापायी? आत्याबाई, तुमच्या ह्या रबरापायी पोरगी उसाखाली जाऊन मेली असती! कळतंय का तुम्हांला?"

त्या सावकाश बोलल्या, कुणाला उत्तर देतायत असंही नाही.

"वास येत होता. निजलं की मागून वास यायचा. डोस्कं दुखतं म्हून न्हाई. तिकडं पाऊस लागला व्हता. लाकडं वल्ली. कुणाचं कोण, काय बी कळंना झालतं, एका सरणावर चार-चार जण. माझ्या लेकीला दुसऱ्याच्या म्हातारीसंगं ठिवलं. पेटंना. मंग ज्याच्या हाती जे व्हतं ते वतलं, रॉकेल वतलं, गाडीतलं काढून वतलं. तिच्या केसावर वतलं, म्या बघितलं. मला नाक दाबता येईना, आपलीच लेक, आन नाक कसं दाबू? त्योच वास गाडीत यायचा. म्हून बसवलं."

उसाची एक गाडी शेजारून गेली. मिस्तरी दुसरीकडं बघून हात पुसत होते, पुसलेलेच हात. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. आत्याबाईंनी हात पुढं केला, मिस्तरींकडून ते रबर घेतलं आणि लांब शेतात भिरकावलं.

"चल," म्हणाल्या. "दाब बघू आता."

मी दाबलं. गाडी वाऱ्यासारखी गेली, लातूरच्या वेशीपर्यंत. त्यांनी पदरानं नाक झाकलं नाही. मला आरशात दिसत होतं.

घरी आल्यावर मी पोरीला सगळं सांगितलं, भोक, रबर, हवा. सरणाचं सांगितलं नाही. तिला लगेच समजलं, हुशार होती. मी म्हटलं, आता भ्यायचं कारण नाही, होस्टेल रद्द. ती वहीच्या कोपऱ्याशी चाळा करायला लागली.

"आई, गाडी नीट झाली हे मला कळतं," ती म्हणाली. "पण पुढं ट्रॅक्टर दिसला की मी सीटची कड धरून बसते. लातूर येईपर्यंत मी एक अक्षर वाचत नाही. क्लासमध्ये पण दुपारी परत जायचं आहे हेच डोक्यात. मला तिथंच राहू दे."

मी समजवलं, ओरडले. ती आजीकडं बघायला तयार नव्हती. आत्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता त्या आकांत करतील. त्या उठल्या, व्हॅनमधलं आपलं अंथरूण काढून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"होस्टेल नगं," म्हणाल्या. "खोली करा. म्या जाते तिच्यासंगं. सैपाक करीन."

लातुरात तेव्हा अशा आज्या पुष्कळ होत्या, नातवंडांना भाकऱ्या थापून घालायला गावाकडून आणून ठेवलेल्या. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. यांना तर फारच सोय वाटली. खोली मिळाली तीही तिसऱ्या मजल्यावर, खालच्या सगळ्या भरलेल्या. सामान मीच व्हॅनमधून नेलं. आत्याबाई कठड्याला धरून जिना चढल्या, प्रत्येक वळणावर थांबून वर बघितलं, पण चढल्या. खोलीत शिरताना त्यांचे ओठ हलत होते. स्टोव्ह कुठं ठेवायचा ते त्यांनी मला सांगितलं आणि मला संध्याकाळच्या आत घरी जायला लावलं.

दीड-दोन वर्षं त्या तिथं राहिल्या. मी दर आठवड्याला जायचे, पीठ-मीठ द्यायचे, आणि दरवेळी विचारायचे, झोप लागते का? "लागती की," म्हणायच्या. डोळे मात्र आत गेले होते. पोरगी बारावी झाली, तिला पाहिजे तिथं गेली, आणि आत्याबाई परत आल्या त्या फार दिवस काढण्यासाठी नव्हेच.

त्या गेल्यावर तेराव्याला पोरगी आली होती. भांडी घासता घासता तिनं मला सांगितलं की आजी त्या दीड-दोन वर्षांत एकदाही आडवी झाली नाही. खोलीचं दार उघडं टाकायची, उंबऱ्यात भिंतीला टेकून बसायची आणि पोरीचा घोटा हातात धरून ठेवायची. आधी पोरीला राग यायचा, मग सवय झाली. एकदा तिनं विचारलं, आजी, पाय कशाला धरतेस?

"वढायला बरं पडतं," आजी म्हणाली होती. "तू वाच."